बासष्ट मेंदू आणि मेथीची जुडी

"पण भंते, ध्यान नेमकं सुरू कधी होतं?"

प्रणोती गजभियेने सकाळपासून तिसऱ्यांदा हे विचारलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजत असे. आजवर बासष्ट जण मोजून झाले होते. ध्यान लागताच लहरी कशा बदलतात, हे आपल्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, अशी तिची खात्री होती. परवा परिषदेत तेच मांडायचं होतं.

त्रेसष्टावे होते टेकडीवरच्या विहारातले वयोवृद्ध भंते धम्मकेतू. तारांची टोपी त्यांनी हौसेने घालून घेतली. आधी दहा मिनिटं नुसतं बसायचं आणि घंटा वाजली की ध्यान करायचं, असं तिने त्यांना समजावलं होतं.

पण पडद्यावर घंटेआधीच्या रेघा आणि नंतरच्या रेघा... अगदी सारख्या. तिने तारा बदलून पुन्हा मोजलं. तेच.

"घंटेआधी काय करत होतात?" तिने विचारलं.

"बसलो होतो."

"आणि नंतर?"

"बसलो होतो."

"म्हणजे फरक काहीच नाही?"

भंतेंनी जरा आठवून पाहिलं. "होता ना. घंटा वाजली."

प्रणोतीला आधी राग आला, मग हसू. यंत्रच बिघडलं असणार म्हणून तिने टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. पडद्यावर रेघा सैरावैरा उसळल्या. यंत्र ठणठणीत होतं.

भंते कौतुकाने बघत राहिले. तुम्ही स्वतः कधी बसता का ताई, असं त्यांनी सहज विचारलं. ती ओशाळली. इतरांना मोजण्याच्या नादात ते राहूनच गेलं होतं.

भंते उठले. स्वयंपाकघरातून मेथीची जुडी आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवली आणि स्वतःही निवडायला बसले.

टोपी काढायचं विसरून तीही निवडू लागली. सुरुवातीला डोक्यात परिषद, भाषण, हातचा गेलेला निकाल. मग एक पिवळं पान... एक कोवळी काडी... मग नुसती मेथी. खालच्या रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. पार वळणाआड जाईपर्यंत तिने तो ऐकला.

जुडी संपल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं. रेघा संथ वाहत होत्या. नोंद करायचं बटण मात्र तिने दाबलंच नव्हतं.

तिने तसं भंतेंना सांगितलं. आपल्याला वाईट कसं वाटत नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

भंते देठ गोळा करत होते.

"उद्या या," ते म्हणाले. "उद्या पालक आहे."