पेवाला आत्या म्हणणारं गाव

धोंडेमाळच्या पूर्वेला पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. वरून बघाल तर शेणामातीनं लिंपलेल्या फरश्या तेवढ्या दिसतील. त्यांच्याखाली पेवं आहेत. जमिनीच्या पोटात खोदलेली ही धान्याची कोठारं तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढी अरुंद आणि आत रांजणासारखी फुगलेली असतात. पण गावात त्यांना कोणी पेव म्हणत नाही. ‘आत्या उघडली का?’, ‘आत्यात अजून गेल्या सालची ज्वारी आहे,’ असं कानावर आलं की पाहुणा गोंधळतो. मग दगडूनाना भोईटे त्याला टेकाडावर नेतात आणि हौसाआत्याची हकीकत सांगतात.

फार मागची गोष्ट. हौसा ही रखमाजी भोईट्याची बहीण. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तशी ती भावाकडे परत आली. घरात तिला टाकून कोणी बोललं नाही, पण भाकरीचा चतकोर उचलतानाही ती आधी भावजयीच्या तोंडाकडे बघायची म्हणे. शेवटी तिनं टेकाडावर स्वतःपुरती खोपी बांधली. बायका रानात निघाल्या की पोरं तिच्याकडे सोडून जात. होता होता ती साऱ्या गावाची आत्या झाली.

एका साली पावसानं पाठ फिरवली. गावानं उरलंसुरलं बियाणं गोळा केलं आणि हौसाच्या खोपीतल्या पेवात भरलं. वर फरशी, फरशीवर माती, मातीवर तिची बाज. त्याच सुमाराला लुटारू स्वारांची टोळी मुलखात शिरली. ते जमिनीवर पाणी ओतत आणि माती जिथे ते भराभर पिई, तिथे पेव आहे असं समजून खणत. शेजारचं गाव त्यांनी असंच धुऊन नेलं होतं.

धोंडेमाळची माणसं डोंगरात निघाली. हौसा निघेना.

‘चल गं,’ रखमाजी म्हणाला, ‘जीव वाचला तर बी मिळंल कुठंतरी.’

‘कुठं मिळंल?’

रखमाजी तिचं गाठोडं बांधू लागला, तसा तिनं त्याचा हात धरला.

‘तू पोरं घिऊन जा, दादा. म्या बाज सोडत न्हाई.’

सगळे गेल्यावर तिनं दारावर कडुनिंबाचे डहाळे बांधले. बिबे तापवून त्यांचं तेल काढलं आणि तोंडाला, गळ्याला, हातांना चोळलं. बिबा उततो, कातडी भाजते, हे तिला ठाऊक होतं. केवढा उतेल, ते मात्र ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अंगावर फोड उठले. आगीनं जीव नकोसा झाला, तरी ती बाजेची कड घट्ट धरून पडून राहिली, असं सांगतात.

स्वार दुपारी आले. रिकामं गाव उलथंपालथं करून टेकाडावर चढले. निंब म्हणजे घरात देवीचं आजारपण, हे ओळखून म्होरक्या दारातच थबकला, पण त्याला शंका आली. बाहेरूनच भाल्याच्या टोकानं त्यानं तिच्या तोंडावरची वाकळ बाजूला केली.

‘देवी आल्यात, बाबा,’ ती म्हणाली. ‘जवळ येऊ नगंस. तुझ्या घरी लेकरं असतील.’

म्हणे, त्यानं भाला मागे घेतला. मग पखालीतलं पाणी जमिनीवर ओतलंच नाही त्यानं. उंबऱ्याशी पडलेला तांब्या भरून ठेवला आणि घोडा वळवला.

गाव परतलं तेव्हा रखमाजीनं बहिणीला आधी ओळखलंच नाही. ओळखलं तसा तो बाजेशी धावला.

‘तोंडाची काय दशा करून घेतलीस गं!’

‘माझ्या तोंडाकडं काय बघत बसलास? पाऊस यील. बी काढ.’

पाऊस आला. फोड बसले, व्रण राहिले, आणि डाव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. शिवारात पेरणी झालेली बघून आसपासचे लोक विचारू लागले, की एवढं बियाणं आणलंत कुठून? धोंडेमाळचा माणूस सांगे, ‘आत्यानं दिलं.’ तेच नाव पुढे पेवाला पडलं.

आजही या गावात पेव उघडायचं तर घरची आत्या सासरहून यावी लागते. पहिली माती तिच्या हातानं निघते. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत सगळे तिच्याभोवती गप्पा मारत बसतात आणि पहिलं सूप तिच्या पदरात ओततात. गेल्या साली नानांच्या बहिणीच्या, अनुसयाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पोरं म्हणाली, यंदा त्यांच्याशिवाय उघडू या. नानांनी ऐकून घेतलं आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

‘खुर्चीसकट उचलून आण,’ ते म्हणाले, ‘पण आण.’