सोळा आणे

एका गावात एक शेतकरीण राहायची. नवरा गेल्यापासून तीन बिघे ज्वारी ती एकटीच सांभाळत होती.

एका वर्षी ज्वारी हुरड्यात आली आणि गारपीट झाली. साऱ्या गावाची ओढ्याकाठची रानं भुईसपाट झाली. प्रत्येकाची माळाकडची निम्मी तेवढी वाचली. राजा मनाने चांगला होता. त्याने कारकुनाला थैली देऊन पाठवलं आणि बजावलं, "शेतकरी सांगेल तेवढं नुकसान लिहायचं आणि तेवढी भरपाई तिथेच द्यायची. उलटतपासणी करायची नाही."

गावात नुकसान आण्यांत सांगायची रीत होती. निम्मं पीक गेलं तर आठ आणे, सगळंच गेलं तर सोळा आणे. कारकून चावडीत बसला. पहिला मान पाटलाचा. त्याने सुतकी चेहरा केला आणि म्हणाला, "सोळा आणे!" मग काय विचारता, मागून येणारा जो तो सोळा आणेच सांगू लागला.

शेतकरणीचा बैल गारांच्या माराने मेला होता. सोळा आण्यांच्या भरपाईत नवा बैल आला असता, आठ आण्यांच्या भरपाईत येणार नव्हता. चावडीच्या पायरीवर तिचा पाय अडखळला.

पाटील हळूच म्हणाला, "वहिनी, सोळा म्हणा अन्‌ मोकळ्या व्हा. राजाच्या तिजोरीतला पैसा आहे, कुणाच्या चुलीतला नाही."

"पण माझी माळाकडची ज्वारी उभी आहे की हो. तिला काय सांगू, आडवी हो म्हणून?"

"तुम्ही आठ म्हणालात तर आम्ही सगळे खोटे पडू!"

"ते तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून तिने कारकुनाला आठ आणे सांगितले.

गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. घरी रिकाम्या दावणीकडे बघून तिला रडू आलं. आपण मूर्खपणा केला असंही दोन-तीनदा वाटून गेलं.

पंधरा दिवसांनी राजाचे चाळीस नांगर गावात आले. त्यांचा मुकादम म्हणाला, "तुमचं सगळंच पीक गेलं हे ऐकून राजाला घास गोड लागेना. ज्यांचे सोळा आणे गेले, त्यांची रानं नांगरून मूग पेरून द्यायचा हुकूम आहे. फुकट!"

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. माळावरची ज्वारी आणखी आठ दिवसांत काढणीला येणार होती.

मुकादमाने कपाळावर हात धरून पाहिलं. "पाटील, तिकडे काहीतरी उभं दिसतंय."

पाटलाने एकदा कणसांकडे पाहिलं, एकदा कमरेला खोचलेल्या भरपाईच्या थैलीकडे. "ते होय? गवत आहे ते," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाचं ते गवत मातीत गेलं. शेतकरणीच्या बांधाशी येऊन मुकादमाने यादी पाहिली आणि नांगर मागे वळवले.

आठ दिवसांनी ती विळा घेऊन रानात गेली. चार ताटं कापते न कापते तोच बांधावर कुणी खाकरलं. पाटील विळा घेऊन उभा होता, आणि त्याच्यामागे गावातली दहा-बारा माणसं.

"वहिनी, कापणीला घेता का?" तो खाली मान घालून म्हणाला. "मजुरी पैशांत नको. पैसा आहे, पण घरात दाणा नाही. ज्वारीच द्या."

तिला बरंच काही बोलायचं होतं. पण माणसं उपाशी दिसत होती, आणि ज्वारी पिकून कडक झाली होती.

"या," ती म्हणाली, "पलीकडची पात धरा."

तात्पर्य: मदत मिळावी म्हणून असलेलं नाही म्हणू नये, मदत करणारा ते खरं धरून चालतो.