गरम पाण्यातला वाल

“गावात एकीनं तरी माझं खरं मानलं का, बाबा? सांगा ना.”

कोंडाबाई टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीवर बसली ती हेच बोलत. मागं तिची सून अनुसया पदर सावरत उभी.

दस्तगीरबाबा चुलीत काटक्या सारत होते. वर किटलीत पाणी तापत होतं. फकीर माणूस, पण गावची भांडणं त्यांच्याकडेच यायची. कारण ते लवकर बोलत नसत.

“काय खरं मानलं नाही?”

“माझा वाल चोरला. जांभळ्या शिरेचा. आईनं जाताजाता ओटीत घातलेला, तिची तेवढीच वस्तू माझ्याकडं. आसपास कुठं नव्हता. आता हौसाच्या कुंपणावर बघा. तिच्या जावेच्या बघा. शेंगा लोंबतायत. आणि माझ्या परड्यात एक कोंब नाही आला.”

“हौसा काय म्हणते?”

“म्हणते, कोंडाबाई, तूच दिलास की. आणि हसते भवानी.”

“दिला होतास?”

“दिला. खायला. बियाण्याला नव्हे.”

“वालाला ते कसं कळावं?”

“मी कळवत होते ना.” कोंडाबाईनं मान ताठ केली. “कुणी मागितला की उकळतं पाणी ओतायचं त्यावर. मग उन्हात वाळवायचा, मग द्यायचा. आमटी होते. वेल होत नाही.”

बाबांनी आणखी एक काटकी चुलीत सारली.

“आईनं तुला असाच दिला होता?”

“असा कशाला देईल? मी लेक तिची.”

“हौसाही कुणाची तरी लेक आहे.”

“असेल. माझ्या आईची नाही.”

काटकी तडतडली.

मग अनुसया बोलली. खाली बघूनच.

“आत्याबाई, हौसाकाकूला मी मडक्यातला दिला.”

“कुठल्या मडक्यातला?”

“राखेत ठेवलेल्या. बियाण्याच्या.”

“आणि पाणी ओतलेला?”

“तो मडक्यात भरला. राखेत काय, दिसायला सगळा सारखाच.”

“म्हणजे मी पावसाळ्यात पेरला तो...”

“तोच.”

कोंडाबाईचा आवाज एकदम हळू झाला. तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं, ओरडते तेव्हा भ्यायचं कारण नाही. हळू बोलते तेव्हा आहे.

“का गं?”

“काकूनं विचारलं, उगवंल ना? माझ्या तोंडून हो गेलं. मग खोटं पडायला नको म्हणून दिला. पुढं ज्या ज्या आल्या, त्यांनीही तेच विचारलं.”

“उद्याच्या एसटीनं माहेरी जायचं. मुलं इथं राहतील. ऐकलंत, बाबा? तुमच्यासमोर सांगते. बियाणं घालवणारी सून मला नको.”

अनुसयानं दर्ग्याचा खांब धरला.

बाबा उठले. झोळीतून मूठभर वाल काढून ताटलीत पसरला. टपोरा. प्रत्येक दाण्यावर जांभळी शीर.

कोंडाबाई गुडघ्यावर आली. “हा कुणी दिला?”

“कुठल्याशा दारात झोळीत पडला. सगळ्याच दारांत पडतो आता. हवा तुला?”

तिनं पदर पसरला.

बाबांनी किटली उतरवली, ताटलीवर धरली. आणि कलती केली.

“बाबा, काय करताय?”

“तू देतेस तसा देतोय.”

पाण्याची धार सुटली, तशी कोंडाबाईनं दाण्यांवर तळहात पालथा घातला. कळवळली. पण हात काढला नाही.

बाबांनी किटली बाजूला ठेवली.



अनुसयानं रांजणात पदर बुडवला, पिळला, आणि सासूच्या हाताला गुंडाळला. कोंडाबाई तिच्याकडं बघत नव्हती. हातही ओढून घेत नव्हती.

“एक दाणा भिजला का बघ,” ती म्हणाली.

“नाही, आत्याबाई. तुमचाच हात भाजलाय.”

“हाताचं राहू दे.”

अनुसयानं दाणे एकेक करून सासूच्या ओटीत टाकले. ताटली रिकामी झाली.

तरी कोंडाबाई उठेना. हरून उठायची सवय नव्हती तिला.

“मी न्याय मागायला आले होते, बाबा. गावभर सांगत सुटले, चोर आहे, चोर आहे. आता खाली गेले की विचारतील, दोष कुणाचा निघाला? काय सांगू? कुणाचं नाव घेऊ?”

बाबांनी किटली परत चुलीवर ठेवली. चहापत्तीचा डबा शोधला.

“तुझ्या परड्यात वाल मेला, त्याचं नाव मला विचारू नकोस. ते तू जाणतेस.”

“मग?”

“गावभर जगला, त्याचा दोष मात्र एकीचाच. खाली गेलीस की मोठ्यानं सांग...”

त्यांनी पाण्यात पत्ती टाकली.

“अनुसया.”