फिल्ममधला कणा

एकदा एका वृद्ध डॉक्टरांनी आपल्या ठणठणीत शिष्याला आजारी पाडले. औषध दिले नाही, हातही लावला नाही. नुसत्या चार वाक्यांनी पाडले.

कृष्णाकाठच्या एका शहरात या डॉक्टरांचे हाडांचे रुग्णालय होते. हेरंब नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकत होता. बुद्धिमान होता, कष्टाळूही. एमआरआयची फिल्म उजेडावर लावली की मणक्याची बारीकशी झीजही त्याच्या नजरेतून सुटत नसे. जे दिसले ते रुग्णाला स्पष्ट सांगून मोकळे व्हावे, यालाच तो प्रामाणिकपणा समजत असे.

एके सकाळी नसीम मुलाणी तपासणीसाठी आल्या. पन्नाशीच्या बाई, शाळेत खो-खो शिकवणाऱ्या. कमरेला रुंद पट्टा होता आणि सुनेने कोपराला धरून त्यांना आत आणले. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती दोन्ही हातांनी चाचपून पाहिली.

"डॉक्टरसाहेब, एकच विचारायला आले," बाई म्हणाल्या. "माझे पाय साधारण कधी जाणार? आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. जिना चढता येईनासा होण्याआधी खाली कुठं तरी जागा बघावी म्हणते."

वृद्ध डॉक्टरांच्या हातातले पेन थांबले. "पाय जाणार असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाईंनी हेरंबकडे पाहिले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "ह्यांनीच. गेल्या वर्षी कंबर धरली तेव्हा फोटो काढला होता. मणके झिजलेत, त्यांच्यामधल्या दोन गाद्या सरकल्यात, वाकलात तर नस दबेल आणि पाय जातील, म्हणाले. तेव्हापासून मी वाकले नाही. मैदान सोडलं. नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढते. तरी दुखणं वाढतंच आहे."

वृद्ध डॉक्टरांनी त्यांना पलंगावर झोपवले. पायांच्या अंगठ्यांची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, पावलांना स्पर्श कळतो का ते तपासले. कधी पडलात का, ताप येतो का, वजन घटले आहे का, लघवीवरचा ताबा सुटला आहे का, हेही विचारले. सगळे ठीक होते.

"बाई, तुमचे पाय कुठंही जात नाहीत," ते म्हणाले. "पट्टा काढून ठेवा आणि घरात मोकळेपणाने वावरा. पुढच्या आठवड्यात या. हेच डॉक्टर तुम्हाला सगळं नीट समजावून सांगतील."

बाई गेल्या. त्यांचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. दार लागताच हेरंब म्हणाला, "सर, फिल्ममध्ये जे आहे तेच मी सांगितलं. झीज आहे, गाद्या सरकलेल्या आहेत. यात खोटं काय?"

संतापाने वृद्धाचा चेहरा लाल झाला होता. पण उत्तर न देता ते एवढेच म्हणाले, "तुझा एमआरआय काढून घे. आजच."

"माझा? मला तर काहीच होत नाही."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेरंबला समोर बसवले, त्याची फिल्म उजेडावर लावली आणि सपाट स्वरात सांगितले, "खालची गादी सुकली आहे. मागे सरकून नसेला टेकली आहे. वाकू नकोस, वजन उचलू नकोस. नाहीतर पाय जातील." आणि ते उठून निघून गेले.

हेरंबने फिल्म स्वतः पाहिली. शब्दन् शब्द तिथे होता. दुखत नसलेल्या माणसांच्या पाठीतही अशा गाद्या सर्रास आढळतात, हे त्याने पुस्तकात वाचले होते. परीक्षेत लिहिलेही होते. पण आता ती पाठ त्याची होती. बुटाची नाडी बांधताना तो थबकू लागला. मोटरसायकल घरी ठेवून रिक्षाने येऊ लागला. छोट्या मुलीने हात वर केले तेव्हा त्याने बायकोला हाक मारली, "हिला तू घे." रात्री कूस बदलतानाही तो श्वास रोखून धरी. आणि आठवडा संपण्याआधी, जी कंबर जन्मात कधी दुखली नव्हती, ती खरोखरच आखडून ठणकू लागली.

तो गुरूंकडे गेला. "सर, स्पष्ट सांगा. माझं ऑपरेशन करावं लागेल का?"

"कशाचं? तुला काहीही झालेलं नाही."

हेरंब उसळला. "म्हणजे तुम्ही मला मुद्दाम घाबरवलंत? झोप उडाली माझी! स्वतःच्या मुलीला उचललं नाही मी! कुणाच्या आयुष्याशी असं खेळायचा अधिकार काय तुम्हाला?"

"काहीच नाही," वृद्ध म्हणाले. "पण शब्द तुझे होते. मी फक्त ते तुला ऐकवले. तू डॉक्टर आहेस, पुस्तकं वाचलेला आहेस, तरी आठवड्यात तुझी ही अवस्था झाली आणि तुला एवढा राग आला. त्या बाईने ते वाक्य वर्षभर उराशी धरलं. तिच्या वतीने कोण चिडलं?"

हेरंबचा राग ओसरला. तरी एक शंका उरलीच होती. "मग गेल्या महिन्यात कंबर धरून आलेल्या त्या रंगाऱ्याचं ऑपरेशन तुम्ही तो आला त्याच दिवशी का केलंत? त्याची फिल्म तर माझ्या आणि मुलाणी बाईंच्या फिल्मसारखीच होती."

"कारण त्याचं पाऊल लुळं पडत होतं आणि लघवी अडली होती. त्याचं शरीर जे ओरडून सांगत होतं, त्याच जागी फिल्ममध्ये खूण होती. तिथे एक दिवसही दवडणं पाप होतं. फिल्म निरुपयोगी नाही रे. पण फिल्ममध्ये मणका दिसतो, दुखणं दिसत नाही. केस पिकतात तशा गाद्याही सुकतात. माणसाला हात न लावता नुसती फिल्म वाचणं आणि वर शिक्षा सुनावणं, याला प्रामाणिकपणा म्हणू नकोस."

ठरल्या दिवशी मुलाणी बाई आल्या. या वेळी हेरंबने फिल्म बाजूला ठेवली आणि स्टूल ओढून तो त्यांच्यासमोर बसला.

"बाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. फोटोत दिसते ती झीज तुमच्या वयाच्या बहुतेकांना असते. दुखत नाही त्यांनाही असते. तुमचा कणा मजबूत आहे. वाकल्याने तो मोडणार नाही. वर्षभर न हलल्याने स्नायू मात्र दुबळे झालेत, म्हणून जास्त दुखतं. रोज चालायचं, व्यायाम हळूहळू वाढवायचा. सुरुवातीला दुखेल, पण ते दुखणं म्हणजे इजा नव्हे. फार झालं तर थोडे दिवस गोळी घेऊ. इंजेक्शन असतं ते पायात नसेची कळ उतरते त्यांच्यासाठी, आणि त्याचाही आराम बहुधा तात्पुरताच. ऑपरेशनची तुम्हाला गरज नाही. मात्र पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला, तर तडक इथे यायचं. पूर्ण बरं वाटेल असं वचन मी देत नाही. पण तुम्ही परत मैदानावर उभ्या राहाल असं मला वाटतं."

बाईंचा आवाज चढला. "माझ्या मुली जिल्ह्याची फायनल खेळल्या आणि मी घरात पलंगावर पडून होते. नातू झाला, त्याला मी उभं राहून एकदा कडेवर घेतलं नाही. ते वर्ष कुठून आणणार तुम्ही?"

सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो दूर केला. हेरंबने मदतीसाठी मागे उभ्या असलेल्या गुरूंकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते. हे ऐकणे शिष्याच्याच वाट्याचे होते.

"नाही आणू शकत," हेरंब म्हणाला. "तुमचा राग बरोबर आहे."

बाईंनी डोळे पुसले, साडीचा पदर खोचला आणि खुर्चीला हात न लावता त्या उभ्या राहिल्या.

"राग जायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "तोवर व्यायाम दाखवा."

वाचकहो, उद्या असा रिपोर्ट आपल्या हाती आला, तर हादरून जाण्याआधी समोरच्या डॉक्टरांना शांतपणे विचारावे : यात जे दिसते आहे, तेच माझे दुखणे आहे कशावरून?