हैबतीच्या घरचा विस्तव

पौषातली सकाळ. सूर्य नुकताच वर आला होता. हातात खापर घेऊन हैबती विश्राम पाटलांच्या दारात उभा राहिला आणि त्याने विस्तव मागितला. दार उघडले, आतून कुणी त्याला पाहिले आणि ते पुन्हा लागले.

त्या दिवसांत श्रीसोमगिरी महाराजांचा मुक्काम बोरखळीला, वेशीबाहेरच्या चिंचेखाली होता. उघड्यावर धुनी पेटलेली असे, आणि सकाळी महाराज गावात भिक्षेला येत.

बोरखळीची जुनी रीत अशी की, बंद पडलेली चूल पुन्हा पेटवायची तर गावातल्याच कुणाच्या चुलीतला निखारा आणावा लागे. चकमक झाडून पेटवलेली चूल गावाची मानत नसत, आणि त्या घरचे पाणीही कुणी पीत नसे. हैबतीची चूल तो तुरुंगात गेल्यापासून थंड होती. बांधाच्या भांडणात, रागाच्या भरात त्याने पाटलांची कडब्याची गंजी पेटवून दिली होती. गुन्हा त्याने कचेरीत कबूल केला, शिक्षा पुरी भोगली. सुटल्यावर तो आधी सासुरवाडीला गेला. बायको येसा उंबऱ्याआडूनच म्हणाली, "गावच्या विस्तवानं चूल पेटू दे, मग येते. वाळीत पडलेल्या घरात मी नांदायची नाही."

म्हणून तो दारोदार फिरत होता. सगळी दारे झाली, शेवटचे पाटलांचे.

पाटील बाहेर येऊन समोरच्या चावडीच्या ओट्यावर बसले आणि चारचौघांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ऐकलंत का? ह्याला विस्तव हवाय! माकडाच्या हाती कोलीत द्यायचं, आणि तेही माझ्याच घरचं!"

ओटा खदखदून हसला. हैबती रिकामे खापर घेऊन वळला.

तेवढ्यात झोळी घेऊन महाराज तिथे आले. म्हणाले, "पाटील, कोलीत माकडाच्या हाती धोक्याचं. हा तर माणूस आहे. चल रे हैबती."

धुनीपाशी येताच महाराजांनी रसरशीत निखारा हातात उचलला आणि म्हणाले, "उपरणं पसर."

"महाराज, जळेल की!"

"उपरणंच जळेल ना? तू तर जळून बाहेर आलायस."

हैबतीने उपरणे पसरले. निखारा पडला, आणि काय आश्चर्य! सुताचा एक धागाही करपला नाही.

"एकच पथ्य," महाराज म्हणाले. "मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. पाटलाला तर मुळीच नाही."

हैबतीची चूल पेटली. पण पाटलांनी लगेच दवंडीच दिल्यासारखे सांगितले, "धुनी वेशीबाहेरची. तो विस्तव गावाचा नव्हे!" येसाच्या माहेरीही हाच निरोप पोचला. ती आली नाही. हैबती एकट्यापुरती भाकरी थापी आणि झोपण्याआधी निखारे राखेखाली झाकून ठेवी.

संक्रांत तोंडावर आली आणि एका दुपारी आभाळ काळेठिक्कर झाले. गारा अशा कोसळल्या की कौले फुटली, छपरे उडाली, घराघरांत पाणी शिरले. पाऊस थांबला तेव्हा गावात एकही चूल जिवंत नव्हती. चकमकीचा कापूस भिजून लगदा झालेला, सरपण ओलेचिंब. पाटलांची सून त्याच पहाटे बाळंत झाली होती. तान्हे बाळ थंडीने निळे पडू लागले. सुईण ओरडली, "शेगडी आणा! आधी शेगडी आणा, नाहीतर पोर हाती लागत नाही!"

पाटील रिकामी शेगडी घेऊन चिखलातून धुनीकडे धावले. धुनीचा चिखल झालेला, आणि महाराज शेजारी भिजत, हसत बसलेले!

"महाराज, विस्तव!"

"आमचा विस्तव आम्ही केव्हाच गावात दिला. ज्याला दिला त्याच्या दारात जा."

त्या दारी जायचे पाटलांना अवघड होते. पण कानांत सुईणीची हाक होती; ते धावत हैबतीकडे पोचले. हैबतीच्या घराचे छप्पर उडाले होते, घरात घोटाभर पाणी होते, चुलीच्या भोवती गारांचा खच पडला होता. आणि मधोमध चूल धडधडून पेटलेली!

 पाटलांनी शेगडी पुढे केली. हैबतीने ती घेतली, काठोकाठ भरली आणि म्हणाला, "वाटेत चिखल आहे पाटील, सांडाल. मीच आणतो."

ज्या दाराने त्याला हाकलले होते, त्याच दाराने तो आग घेऊन आत गेला. थोड्या वेळाने बाळ रडले. त्या रडण्याने सगळा वाडा हसला! मग खापरे घेऊन अवघा गाव हैबतीच्या दारात उभा राहिला. त्याने प्रत्येकाला निखारा दिला.

पाटील चिंचेखाली आले. पागोटे महाराजांच्या पायांवर ठेवून त्यांनी डोके टेकले. "महाराज, चुकलो. आता गावाचा विस्तव तो हैबतीचाच. दुसरा उरलाच कुठं?"

"मग हे मला काय सांगता? जिला सांगायचं ती माहेरी आहे."

पाटील उठले. बैलगाडी जुंपून, कासरा स्वतःच्या हाती धरून ते येसाला आणायला निघाले.

दिवेलागणीला गाडी ओढ्यापलीकडे गेलेली लोकांनी पाहिली. ओढ्याला पाणी चढत होते. तरी हैबतीने चुलीवर दोघांपुरता भात ठेवला होता, आणि उघड्या घरातून धूर सरळ वर चढत होता.