राणीची पावले आणि सोन्याचा पाळणा

एका राज्यात, जिथे रानातली झाडेही येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत, तिथे खुद्द राणीचीच विचारपूस करायला सगळे विसरले.

राणीचे नाव कुमुदिनी. तिला मुलगा झाला, हत्तीवरून साखर वाटली गेली. राजमातेने हौसेने खजिन्यातला जुना सोन्याचा पाळणा बाहेर काढला. पाळणा होता शापलेला. त्यात जो डोकावे त्याला बाळ तेवढे दिसे, आणि बाळाची आई थोडी थोडी नाहीशी होई. बायका येत, डोकावत, नाक कोणाचे नि डोळे कोणाचे ते ठरवत आणि निघून जात. आधी राणीची पैंजणे नाहीशी झाली, मग पावले, मग गुडघ्यापर्यंत सगळे.

लक्षात आले ते इरावतीच्या. इरावती राजाची धाकटी बहीण, भारी भित्री. मांजर शिंकले तरी दचके. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिचा; पण नाव सांगताच पाठीत बायकांचे धपाटे बसणार, या धास्तीने आतापासूनच तिला घास गिळवत नव्हता. अळिवाची खीर घेऊन ती बाळंतिणीच्या खोलीत गेली, तर वहिनीच्या लुगड्याखाली नुसती फरशी. वाटी हातातून पडली.

"वहिनी, तुमचे पाय?"

"असतील कुठेतरी, वन्सं," राणी म्हणाली. "झोप नाही, भूक नाही. डोळे आपले वाहत असतात. पायांकडे कोण बघतंय?"

राजवैद्यांनी नाडी पाहिली. "महाराज, दुसरी कसली बाधा असती तर कदाचित औषध लागू पडलं असतं. ही पाळण्याची बाधा. माझ्या बटव्यात हिच्यावर मात्रा नाही."

तेव्हा आढ्यावरची साळुंकी बोलली. "बारशापर्यंत शाप उतरला नाही, तर राणी पुरतीच नाहीशी होईल. पाळणा घडवणारा मांत्रिक डोंगरापलीकडे राहतो. घरातलं कोणीतरी जायला हवं."

सगळ्यांनी राजाकडे पाहिले. राजा बाळाकडे पाहत होता. इरावती उठली. तिचे गुडघे लटपटत होते, पण निदान दिसत तरी होते.

वाटेत बोलके रान लागले. प्रत्येक झाड विचारी, "भ्यालीस?" ती म्हणे, "हो," आणि पुढे जाई. खरे बोलणाऱ्याला ते रान अडवीत नसे.

मांत्रिक अंगणात बोरे वाळवीत बसला होता. "पाळणा माझाच," तो म्हणाला. "या राजाच्या पणजोबांना हवा होता तसा. सगळ्यांनी युवराजाकडेच बघावं म्हणाले. घे हे घुबडाचं पीस, राणीच्या उशाशी ठेव. पण बाळ दुसऱ्याच्या मांडीवर असेल तोवरच झोप टिकेल. मग तिला सकाळचं ऊन दाखव. मग तिचं ऐक. मध्ये कोणी तिचा शब्द तोडला, तर उरलीसुरलीही जाईल."

इरावती परतली. बाळ राजाच्या मांडीवर आले. शत्रूचे किल्ले घेणारा राजा म्हणाला, "याला धरायचं कुठून?"

"मानेखाली हात घाला, दादा. आणि हलू नका."

बाळाने राजवस्त्र भिजवले. राजा हलला नाही. राणी गाढ झोपली आणि उठली तेव्हा तिला गुडघे आले होते.

उन्हाची पाळी आली तशी राजमाता दारात उभी राहिली. "बाळंतिणीला वारा लागेल."

"कान बांधू, आईसाहेब. तुम्हीही चला."

तिघी कानांना फडकी बांधून गच्चीवर गेल्या. पोपट पोट धरून हसले. कोवळ्या उन्हात राणीच्या पोटऱ्या उमटल्या. पावले मात्र आली नाहीत.

राणी कठड्याशी टेकली आणि बोलू लागली. "वन्सं, बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही. कधी वाटतं, हे दुसऱ्याच कोणाचं. कधी वाटतं, उठावं आणि लांब निघून जावं."

'असं बोलू नये, वहिनी,' हे शब्द इरावतीच्या ओठांवर आले. तिने तोंडात पदर कोंबला. खाली मुदपाकखान्यात परात कोसळली. ती दचकली, पण गप्प राहिली. राजमातेने तोंड उघडले, तोच साळुंकी तिच्या डोक्यावर येऊन बसली. तोंड मिटले. ऊन डोक्यावर येईतो राणी बोलत होती, रडत होती, पुन्हा बोलत होती.

"झालं," शेवटी ती म्हणाली. "आता तुम्ही बोला."

बोलली राजमाता. "इराच्या वेळी मलाही असंच झालं होतं गं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

तिने सुनेचा हात हातात घेतला, आणि गच्चीच्या फरशीवर पैंजण वाजले. खाली राजाच्या मांडीवरच्या बाळाने त्या आवाजाकडे मान वळवली. सोन्याचा पाळणा तडकला, सोने गळून पडले, आत साधे सागवान निघाले.

बारशाला राजाने दवंडी पिटवली: आधी आईची चौकशी, मग पाळणा. सगळ्यांनी मुकाट्याने तसेच केले. इरावतीने बाळाच्या कानात नाव सांगितले आणि डोळे गच्च मिटून पाठ वाकवली. पहिलाच धपाटा असा बसला की बांगड्या खणखणल्या. तिने वळून पाहिले. कुमुदिनी हसत होती, डोक्यापासून पैंजणांपर्यंत सगळीच्या सगळी.

"दचकलात, वन्सं?"

"हो," इरावती म्हणाली. "अजून एक मारा."