तिसरी पायरी

खूप वर्षांपूर्वी खाडीच्या धक्क्याची तिसरी पायरी कोळीवाड्याला उधाणाची वर्दी द्यायची. ती भिजली की पोशीबाय हाक मारायची, “तिसरी भिजली, सुकट उचला गं.”

पुढे धक्क्याच्या खांबावर पाणी मोजायची आकड्यांची पट्टी आली आणि पायरीकडे कोणी बघेना. पहिल्याच उधाणात पट्टीने आकडा चोख दाखवला, पण सुकट उचलायची कधी ते कोणालाच कळेना. वाळत घातलेली सगळी सुकट वाहून गेली.

पट्टी ओशाळून पायरीला म्हणाली, “आजी, मला नुसतं मोजता येतं.”

जुनी हाक आठवत बसलेली पायरी म्हणाली, “पाणी माझ्या माथ्याशी येईल त्या आकड्यावर लाल रेघ ओढून घे.”

आता खाडीकाठच्या सात गावांत तशा पट्ट्या आहेत. तिथे पायऱ्या नाहीत, पण पोशीबायच्या नाती नांदतात. पाणी लाल रेघेला लागलं की त्या हाक मारतात, “तिसरी भिजली.”